त्यांनी काय शिकवले ते लिहा

एका तरुण अभियंत्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. हवामानाची उपकरणे तपासून त्यांचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाणित मापाशी ताडून दुरुस्ती ठरवण्याचे काम, करणाऱ्या प्रयोगशाळेत तीन दशके काम केलेल्या त्यांच्या ज्येष्ठ मॅडमचे नुकतेच निधन झाले. त्या विभागात कित्येक वर्षे त्या एकट्याच महिला अधिकारी होत्या, आणि आज तिथे काम करणाऱ्या बहुतेकांनी पहिले धडे त्यांच्याच हाताखाली गिरवले आहेत. कार्यालयाच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर दोन पानांचा लेख लिहिण्याचे काम या अभियंत्याकडे आले आहे. लिहिलेला पहिला मसुदा त्यांना स्वतःलाच पटलेला नाही, कारण त्यात मॅडम कुठेच दिसत नाहीत, असे ते म्हणतात. ‘स्त्री असूनही’ हे शब्द त्यांना वापरायचे नाहीत. पण त्या स्त्री होत्या आणि भोवताली सगळे पुरुष होते, ही गोष्ट गाळून टाकणेही त्यांना अप्रामाणिक वाटते.

मी याच क्षेत्रात चौतीस वर्षे काम केले, आणि मलाही पाऱ्याचा वायुदाबमापक वाचायला शिकवले ते एका मॅडमनीच. त्या गेल्या तेव्हा त्यांच्यावरचा लेख मी लिहिला होता. तो लेख आज माझ्याने वाचवत नाही, म्हणून तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

माझ्या लेखात काय होते ते आधी सांगतो. ‘शिस्तप्रिय’, ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यनिष्ठ’, ‘कनिष्ठांवर आईसारखी माया करणाऱ्या’ अशी विशेषणे होती. त्यांतले एकही खोटे नव्हते. परंतु ती सगळी विशेषणे उचलून दुसऱ्या कोणाच्याही निरोपसमारंभात वापरली असती तरी कोणाला फरक कळला नसता. ‘आईसारखी माया’ हे शब्द मला आज सर्वांत जास्त सलतात. एखादा पुरुष अधिकारी हाताखालच्या माणसांना उत्तम काम शिकवतो तेव्हा आपण त्याला निष्णात म्हणतो, गुरू म्हणतो. तेच काम स्त्रीने केले की आपण त्याला माया म्हणतो. माया ही स्वभावातच असते, ती शिकावी लागत नाही, असे आपण धरून चालतो, आणि त्यामुळे तिने वर्षानुवर्षे विचारपूर्वक केलेले शिकवण्याचे काम तिच्या कौशल्यात मोजलेच जात नाही. याच्या उलट टोकाचा शब्द म्हणजे ‘रणरागिणी’. त्या शब्दातून झुंज दिसते, पण काम त्यातूनही दिसत नाही.

म्हणून माझे मुख्य सांगणे एवढेच आहे की त्यांनी काय शिकवले ते लिहा, आणि ते उपकरणाच्या नावानिशी लिहा. मी माझ्या लेखात जे लिहायला हवे होते, ते उदाहरणादाखल इथे लिहितो.

फोर्टिन पद्धतीच्या वायुदाबमापकाला एक छोटा तापमापक जोडलेला असतो. नवा माणूस उपकरणापुढे उभा राहिला की थेट पाऱ्याच्या स्तंभाकडे जातो, कारण त्याला दाब हवा असतो. मॅडमनी मला पहिल्याच दिवशी सांगितले की सर्वांत आधी जोडलेला तापमापक वाचायचा, मग कुंडीतला पारा हस्तिदंती टोकाला नेमका टेकेल असा आणायचा, नळीवर बोटाने हलकी टिचकी मारून पाऱ्याचा माथा मोकळा करायचा, आणि मग व्हर्नियर, म्हणजे बारीक माप वाचायची सरकती पट्टी, माथ्याला लावून दाब वाचायचा. असे का, हे मी विचारले. त्यांनी कारण सांगितले नाही; माझ्याकडून तेच काम उलट क्रमाने करून घेतले. मी उपकरणाला अगदी लगटून पाच मिनिटे उभा राहिलो आणि शेवटी तापमापक वाचला, तेव्हा तो जवळजवळ एक अंशाने चढलेला होता. माझ्या अंगाच्या उष्णतेने तो छोटा तापमापक लगेच तापला होता, पण पितळी आवरणातला पाऱ्याचा जाड स्तंभ तेवढ्या वेळात तापलेला नव्हता. म्हणजे दाबाला तापमानाची जी दुरुस्ती लावायची, ती मी चुकीच्या तापमानावरून लावणार होतो. एका अंशाला किती फरक पडतो हे त्यांनी मलाच काढायला लावले. तो सुमारे ०.१६ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजण्याचे एकक) येतो, आणि समुद्रसपाटीजवळ एवढा फरक सव्वा मीटरहून अधिक उंचीच्या फरकाइतका असतो. त्यानंतर चौतीस वर्षांत मी तो क्रम एकदाही चुकवला नाही, आणि माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला मी आधी उलट क्रमानेच वाचायला लावले.

हा एवढा एक परिच्छेद माझ्या लेखात असता, तर मॅडमना विषय किती खोलवर ठाऊक होता, त्या कशा शिकवत आणि समोरच्याच्या बुद्धीवर त्यांचा किती विश्वास होता, हे मला वेगळे सांगावे लागले नसते.

आपल्या क्षेत्रात एखाद्या स्त्रीची आठवण कशी ठेवली जाते याचा विचार करताना हवामान-उपकरणांच्या शास्त्रज्ञ ॲना मणी यांचे उदाहरण टाळता येत नाही. त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. १९४० साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. (याच संस्थेने १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, यांना स्त्री म्हणून आधी प्रवेश नाकारला होता, आणि त्यांनी हट्ट धरल्यावर एका वर्षाच्या अटीवर दिला होता, हे मराठी वाचकांना आठवत असेल.) हिरे आणि माणके यांच्या प्रकाशदीप्तीवर मणी यांनी स्वतःच्या एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले, १९४५ साली प्रबंध सादर केला, आणि एम.एस्सी. पदवी नाही या कारणावरून मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. त्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. त्यांना पुढे भौतिकशास्त्रच करायचे होते, परंतु शिष्यवृत्ती मिळाली ती हवामान-उपकरणांसाठी. १९४८ साली परत येऊन त्या हवामान खात्याच्या पुण्यातील कार्यालयात, म्हणजे पुणेकर ज्याला आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात तिथे, उपकरण विभागात रुजू झाल्या. १९५३ सालापर्यंत त्या या विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते.

त्यांच्यावरच्या लेखांत एक गोष्ट हमखास येते. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी देऊ केलेल्या हिऱ्यांच्या कुड्या त्यांनी नाकारल्या आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा संच मागितला, ही ती गोष्ट. गोष्ट सुंदर आहे, आणि ती मुलांना सांगावी. पण उपकरणांच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला मणी यांची खरी ओळख दुसऱ्याच ठिकाणी सापडते. स्वातंत्र्यानंतर साधी हवामान-उपकरणेसुद्धा परदेशातून आणावी लागत होती. ती इथेच बनावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर वेगवेगळ्या उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून उत्पादनाला लावले.

आराखडा प्रमाणित करणे हे कंटाळवाणे कारकुनी काम आहे, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. वस्तुतः तो शिकवण्याचाच एक प्रकार आहे, आणि माझ्या मते सर्वांत अवघड प्रकार आहे. कारण ज्याला आपण कधी भेटणार नाही अशा कारागिराला, आपण जवळ नसताना, काय चुकता कामा नये हे त्यात सांगायचे असते. पर्जन्यमापकाचेच पाहा. २०० चौरस सेंटीमीटर तोंडाच्या मापकात एक मिलिमीटर पावसाचे २० मिलिलिटर पाणी जमते. त्या तोंडाचा व्यास सुमारे १६ सेंटीमीटर असतो. तो दीड मिलिमीटरने कमी झाला, तर तोंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ दोन टक्क्यांनी घटते, आणि त्या मापकाने मोजलेला प्रत्येक पाऊस, दरवर्षी, न चुकता तेवढा कमी भरतो. अशा मापकावर मेहनत घेणारा निरीक्षक रोज सकाळी साडेआठला कितीही काळजीने नोंद करो, चूक त्याच्या हाती नसतेच. कडेची जाडी किती, व्यासात किती फरक चालेल, कड आतून उभी आणि बाहेरून उतरती का हवी, हे आराखड्यावर लिहिणारी व्यक्ती त्या अनोळखी निरीक्षकाची मार्गदर्शक असते. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्याहून वाईट, अशी मणी यांची धारणा होती, आणि ती या कामातून आलेली आहे.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी सौर प्रारण, म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभे केले. पुढे ओझोन मोजण्यासाठी फुग्याबरोबर वर सोडायचे उपकरण त्यांच्या विभागात तयार झाले, आणि थुंबा येथील अग्निबाण प्रक्षेपण केंद्रासाठी हवामान वेधशाळाही त्यांनी उभारली. १९७६ साली त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या, आणि त्यानंतर सूर्यप्रकाश व वारा यांच्या भारतभरच्या मोजमापांचे संकलन करण्यात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

तुमच्या प्रश्नातला अवघड भाग आता घेतो. भोवताली सगळे पुरुष होते, हे कसे लिहायचे?

ॲना मणी यांच्याकडूनच दोन गोष्टी घेता येतात, आणि त्या एकमेकींना छेद देतात. रामन यांच्या प्रयोगशाळेतील दिवसांविषयी त्यांनी सांगितले आहे की उपकरण हाताळताना एखाद्या स्त्रीची बारीकशी चूक झाली, तरी काही पुरुष सहकारी ती लगेच स्त्रियांच्या अकार्यक्षमतेचा पुरावा म्हणून गाजवत. आणि तरीही आपण अन्यायाचे बळी आहोत, ही भूमिका त्यांनी स्वतः कधीच स्वीकारली नाही. आपल्या आयुष्याच्या निवडीशी आपल्या स्त्री असण्याचा काही संबंध नाही, असेच त्या म्हणत राहिल्या. यातली एक बाजू घेऊन दुसरी गाळणे सोपे आहे. तसे करू नका. तुमच्या मॅडम ज्या गोष्टीची तक्रार करत नव्हत्या, ती तक्रार त्यांच्या तोंडी घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्यांनी तक्रार केली नाही म्हणून वस्तुस्थिती लिहू नये, असेही नाही. विशेषणाशिवाय लिहा. आमच्या मॅडम रुजू झाल्या तेव्हा कार्यशाळेच्या इमारतीत महिलांसाठी स्वच्छतागृह नव्हते, आणि त्यांना समोरच्या इमारतीत जावे लागे. उपकरणे घेऊन येणारी बाहेरची माणसे त्यांच्याच टेबलासमोर उभी राहून त्यांनाच ‘साहेब कुठे आहेत’ असे विचारत, आणि त्या शांतपणे ‘पावती इकडे द्या’ असे म्हणत. ही दोन वाक्ये मी लिहायला हवी होती. त्याऐवजी मी ‘अनेक अडचणींवर मात करून’ असे लिहिले, आणि कोणत्या अडचणी, कोणी निर्माण केलेल्या, हे वाचकाला कळूच दिले नाही. त्या अडचणी निर्माण करणाऱ्यांत मीही होतो. पहिल्या वर्षी त्यांनी दिलेले उत्तर मी पुरुष सहकाऱ्याकडून एकदा खात्री करून घेत असे. हे माझ्या लेखात नव्हते, आणि असायला हवे होते.

चुकांचा मुद्दा मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. जिची स्वतःची चूक गाजवली जाते, ती व्यक्ती इतरांच्या चुकांशी कशी वागते, यावरून मार्गदर्शक ओळखता येतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या अकरा ॲनिमोमीटरची तपासणी केली आणि पवनबोगद्याचा (ठरावीक वेगाचा वारा सोडून उपकरणे तपासण्याच्या बोगद्याचा) जुना दुरुस्ती-तक्ता वापरला. प्रमाणपत्रे निघाली, उपकरणे केंद्रांवर पोहोचली, आणि सहा आठवड्यांनी माझ्या लक्षात आले की सगळे वेग सुमारे पाच टक्क्यांनी जास्त दाखवले जात आहेत. मी मॅडमकडे गेलो तेव्हा मला वाटले होते की आता गोपनीय अहवालात शेरा येणार. त्यांनी मला समोर बसवून आधी एक गणित करायला लावले. वाऱ्यापासून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग पाच टक्के जास्त धरला तर शक्ती जवळजवळ सोळा टक्के जास्त दिसते, आणि त्या आकड्यावर विसंबून कोणी पवनचक्कीची जागा ठरवली तर नुकसान त्याचे होते. चुकीचे गांभीर्य माझ्या लक्षात आले आहे, एवढी खात्री झाल्यावर त्यांनी प्रमाणपत्रे मागे घेणारी पत्रे विभागाची जबाबदार अधिकारी म्हणून स्वतःच्या सहीने पाठवली. तपासणीच्या नोंदवहीत मात्र चूक, तिचे कारण आणि तारीख माझ्या अक्षरात लिहून घेतली, आणि तिच्याखाली जुने तक्ते टेबलावरून काढून टाकण्याची पद्धत लिहायला लावली. बाहेरच्या जगापुढे त्यांनी मला झाकले, पण नोंदवहीत काहीही झाकू दिले नाही. पुढची कित्येक वर्षे नव्या माणसाला त्या वहीचे ते पान वाचायला दिले जात असे, आणि ते पान दाखवणारा बहुधा मीच असे.

तुमच्या प्रयोगशाळेतही असे एखादे पान असेल. ते शोधा.

शिकवण्यासाठी मॅडमना काय किंमत मोजावी लागली, हेही लिहायला कचरू नका. आमच्या मॅडमचे वेट बल्बच्या, म्हणजे हवेतला दमटपणा काढण्यासाठी ओली वात गुंडाळलेल्या तापमापकाच्या, वातीवर एक काम चालू होते. वात मळली किंवा अपुरी भिजली की ओला तापमापक प्रत्यक्षापेक्षा जास्त तापमान दाखवतो आणि हवा आहे त्याहून दमट भासते. वात किती दिवसांत बदलावी हे धूळ, पाण्यातले क्षार आणि ऋतू यांवर कसे अवलंबून असते, याची मोजमापे त्यांनी अनेक हंगाम जमवली होती. तो निबंध पूर्ण झाला नाही. त्याच वर्षांत आमच्या चार तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि आमच्या अहवालांचे मसुदे त्यांनी रात्री घरी नेऊन दुरुस्त केले. छापील अहवालांवर नावे आमची आहेत. जुन्या फायली उघडल्या तर मसुद्याच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले त्यांचे अक्षर अजून दिसते. कित्येक ठिकाणी निष्कर्षाचे वाक्यच त्यांचे आहे. तुमच्याकडे असे मसुदे असतील तर छापील प्रतीशेजारी ठेवून पाहा, आणि जे त्यांचे आहे ते त्यांचे म्हणून लेखात नोंदवा. पदे, पुरस्कार आणि बढत्यांच्या तारखा एका चौकटीत घातल्या तरी पुरेसे आहे.

माहिती कोणाकडून घ्यायची, याबद्दलही सांगतो, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथेच झाली. मी फक्त अधिकाऱ्यांना विचारले. कार्यशाळेतले फिटर, आरेखक, भांडारातले लिपिक आणि दूरच्या केंद्रांवरचे निरीक्षक माझ्या यादीत नव्हते. मॅडमच्या नंतर विभागात आलेल्या महिला अभियंत्यांनाही मी वेगळे भेटलो नाही, आणि त्यांना जे दिसले होते ते आम्हा पुरुषांना दिसलेच नव्हते. नंतर त्यांतल्या एकीने मला सांगितले की मॅडमनी तिला पहिल्या महिन्यात लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) काम करायला लावले होते, ते तिने कारागीर व्हावे म्हणून नव्हे, तर ‘हे असे बनत नाही’ असे कोणी ठणकावले तर ते खरे की खोटे हे तिचे तिला कळावे म्हणून. आम्हाला त्यांनी लेथवर कधी उभे केले नव्हते. आम्हाला तशी गरज पडणार नाही हे त्यांना ठाऊक होते.

लेख छापून झाल्यावर दोन वर्षांनी कार्यशाळेतले एक निवृत्त फिटर मला भेटले. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि आराखडे सगळे इंग्रजीत. मॅडमनी त्यांच्या शाळेच्या वहीत आराखड्यावरच्या प्रत्येक संज्ञेसमोर मराठी शब्द, मापाचे चित्र आणि ‘इथे चुकले तर काय होईल’ याची एक ओळ लिहून दिली होती. ‘कड खडबडीत राहिली तर थेंब अडतो, पाऊस कमी भरतो’ ही त्यातली एक ओळ. वही त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली होती. मी त्यांना कधी विचारलेच नव्हते, म्हणून ती माझ्या लेखात नाही.

तेव्हा कोणालाही ‘मॅडम कशा होत्या’ असे विचारू नका. उत्तरादाखल विशेषणेच येतील. आज तुम्ही हाताने जे काम करता, त्यातले काय त्यांनी शिकवले, असे विचारा. त्यांचे आणि तुमचे कशावरून पटले नव्हते, हेही विचारा, आणि एखादा मतभेद लेखात राहू द्या. तारखा सेवापुस्तकावरून पडताळून घ्या. मसुदा तयार झाला की छपाईपूर्वी तो किमान एका फिटरला आणि त्यांच्यानंतर आलेल्या एका महिला सहकाऱ्याला वाचून दाखवा. निवृत्त मंडळींना फोन न करता त्यांच्या घरी जा. फोनवर ते ‘मॅडम फार चांगल्या होत्या’ एवढेच म्हणून थांबतात. समोर जुनी नोंदवही किंवा एखादे उपकरण ठेवले की त्यांचा हात आपोआप त्याकडे जातो, आणि मग ते सांगू लागतात.